हात लागेपर्यंत

मोहनसिंगनं उजव्या गुडघ्याचा पट्टा सोडून रस्त्याकडेच्या दगडावर ठेवला. बुटाच्या नाड्या घट्ट बांधल्या. पुढं वीस पावलांवर दीपक पाठमोरा उभा होता. गेल्या साली याच दिवसांत, याच जागी, त्याची जीप मोहनसिंगच्या लुनावर आली होती. रस्त्याखाली कापलेल्या ज्वारीचं रान होतं आणि रानापलीकडं ओढा.

तांड्याचा नायक हिरासिंग दोघांच्या मधे आला.

"ठरलं ते परत सांगतो. कोर्टाचं कोर्टात. तांड्याचा निकाल इथं. त्या दिवशी दीपक इथून ओढ्याकडं पळाला, तसाच आज पळंल. मोहन मागून पळंल. ओढा यायच्या आत मोहनचा हात याच्या पाठीला लागला, की मिटलं. न्हाई लागला, तर मोहन म्हणंल त्या दिवशी परत. अन् मिटत न्हाई तोवर दीपकच्या लग्नाला तांडा उभा राहणार न्हाई."

"पोरायचा शिवणापाणीचा खेळ लावला का, नायक?" बाबूसिंग म्हणाला. दीपकचं लग्न त्याच्याच मीनाशी ठरलं होतं. "दंड घ्यायचा सोडून हे काय करून राहिले तुमी? माझ्या लेकीची हळद अडकली ना."

"दंड मलाच नको होता," मोहनसिंग म्हणाला.

नांदेडच्या डॉक्टरनं त्याच्या मांडीतली नस काढून गुडघ्यात बसवली होती. मोहनसिंगनं महिनोन् महिने खाटेवर टाच पुढं-मागं ओढली, पायाला वाळूची पिशवी बांधून पाय उचलला. मग चालला. मग रोज सकाळी पळू लागला, आधी शंभर पावलं, नंतर पार फाट्यापर्यंत. डॉक्टरनं एवढंच बजावलं होतं, सरळ पळा, पळता पळता एकदम वळू नका. तांड्यातल्या लोकांना वाटलं, बायकोच्या दुःखातून गडी सावरला.

नायकानं खांद्यावरचा टॉवेल वर धरला आणि खाली केला.

दीपक पळाला. मागून मोहनसिंग पळाला. बुटाखाली धसकटं मोडत होती. पहिली पन्नास पावलं गुडघा आखडला, मग मोकळा झाला. वीस पावलांचं अंतर पंधरावर आलं. पंधराचं दहावर. दीपक चोवीस वर्षांचा, मोहनसिंगची चाळिशी उलटलेली. अंतर इतक्या लवकर तुटायला नको होतं.

पोरगं मुद्दाम हळू पळत होतं.

"पळ की रे, हरामखोरा!" मोहनसिंग ओरडला. "त्या दिवशी असा पळाला होता का? खिशात जीपची किल्ली घेऊन कसा पळाला होता? तसा पळ!"

त्या दिवशी रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. जीप धड होती. मोहनसिंगनं ती एका पायानं चालवली असती. त्याची बायको जिवनबाई तेव्हा बोलत होती. तिला तिथंच ठेवून मोहनसिंग तुटका गुडघा ओढत या धसकटांतून सरपटत गेला होता. किल्ली फेक, नुसती किल्ली फेक, म्हणत होता. दीपकनं मागं वळून बघितलं नव्हतं. तासाभरानं एक बैलगाडी आली, तोवर जिवनबाईचं बोलणं थांबलं होतं.

किल्लीचं नाव ऐकलं आणि दीपक खरंच पळाला. जीव घेऊन पळाला. मोहनसिंगनंही वेग वाढवला. ओढा तीस पावलांवर राहिला. दीपकच्या मानेवरचा घाम त्याला दिसला, सदऱ्याची उसवलेली शिवण दिसली. हात लांब केला असता तर पुरला असता.

आणि दीपक एकदम थांबला. पाय रोवून, मान खाली घालून, पाठ पुढं करून.

मोहनसिंग आता त्याच्यावर आदळणारच होता. त्यानं उजवा पाय टेकवला आणि सगळं अंग डावीकडं फिरवलं. गुडघ्यातून मांडीपर्यंत कळ गेली. पण नस धरून राहिली. बोटभर अंतर ठेवून तो दीपकच्या बाजूनं निघून गेला आणि ओढ्याच्या काठावर जाऊन थांबला.

"काका," दीपक म्हणाला. तो जागचा हलला नव्हता. "लावा ना हात. पाहिजे तर मारा. पण लावा."

मोहनसिंगनं गुडघा चोळला. दोनदा वाकवून पाहिला. बराबर वाकत होता.

"तुमच्या पाया पडतो, काका."

रानाच्या वरच्या टोकाला बाबूसिंगनं तोंडाशी दोन्ही हात धरले. "लागला का हात? पोरीला सांगू का?"

"न्हाई लागला!" मोहनसिंगनं ओरडून सांगितलं. "लई चपळ हाय तुमचा जावई. उद्या बघू!"