एक वीत माती

विद्यावतीने बाळाचा तोच लंगोट तिसऱ्यांदा दगडावर आपटला.

"वहिनी, तो धुवून झाला," इंद्रदेव म्हणाला. त्याच्या पायाशी सिमेंट-खडी कालवलेला बेटोन पडला होता, राखाडी, अजून ओला. मागचं अंगण निम्म्याहून जास्त झाकून झालं होतं. उरला होता कपडे धुवायचा हा काळा दगड, आणि त्याच्यापुढे अनवाणी उभी असलेली ती.

"अजून आहेत," ती म्हणाली. बादलीत चार लंगोट होते. तेही सकाळीच धुतलेले.

तिचा नवरा जयदेव पहाटे पोर्ट लुईच्या बसला निघताना इंद्रदेवला सांगून गेला होता, "भिंत, गटार, फरशी, फुलांचे वाफे, सगळं तुमच्या एकट्याच्या हाती. मला चार मिस्त्री नकोत. काही चुकलं तर विचारायला एकच माणूस."

"चुकतंय कशाला? अख्ख्या नुव्हेल फ्रांस गावात विचारा. इंद्रदेवचं माप चुकत नाही."

आता स्वयंपाकघराच्या दारात सासू, भगवती, पाच महिन्यांच्या नातवाला कडेवर घेऊन उभी होती.

"आयो विद्या, काय चाललंय तुझं? तिकडे बेटोन सुकतोय. घरात नळ आला, बेसिन आलं, मादाम झालीस, तरी दगड सुटत नाही होय?"

बोलत होती सुनेशी, पण सुनेच्या पायांकडे बघत नव्हती.

विद्यावतीने बादलीतून दुसरा लंगोट उचलला. सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते बोलायचं नव्हतं. पाठच्या बाळाला पहिला दात येईपर्यंत गेलेल्या बाळाचं नाव घ्यायचं नाही, त्याची गोष्टही काढायची नाही. जयदेव पाळत होता, सासू पाळत होती. तीही पाळत होती. सासूच्या कडेवरचा तो उघडा गुबगुबीत पाय दिसला, की तिची जीभ आपोआप आत जायची.

क्युरपिपच्या बाजूने आभाळ भरून आलं. इंद्रदेवने फावडं बेटोनमध्ये खुपसलं. ते आत जाताना अडखळलं.

"बेटोन पा आतान, वहिनी. तो कोणासाठी थांबत नाही. आणखी दहा मिनिटं, की सगळा फेकून द्यायचा." मग भिंतीकडे वळून ओरडला, "ए, पहार आणा! दगड हलवा!"

दोन गडी आले. एकाने पहारीचं टोक दगडाखाली घालायला खाली टेकवलं. विद्यावतीने त्याच्यापुढे पाऊल रोवलं.

"तिथे नको."

"पाय जाईल, बाई!"

"जाऊ दे."

इंद्रदेवने हात वर केला. गडी थांबले. तो तिच्या पावलाकडे बघत राहिला. बोटांनी माती घट्ट धरून ठेवली होती.

बाळ रडायला लागलं. भगवती त्याला घेऊन आत गेली.

इंद्रदेवने गड्यांना भिंतीकडे पिटाळलं आणि स्वतः उकिडवा बसला, बेटोन तपासत असल्यासारखा.

"वीस वर्षं लोकांची अंगणं खोदतोय," तो हळूच म्हणाला. "नाळ आहे?"

तिने मान डोलावली.

"ह्या बाळाची?"

हातातल्या लंगोटाचं पाणी गळत राहिलं.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"नाव..."

"घ्यायचं नाही."

"नका घेऊ. पुरली कोणी?"

"आईंनी."

इंद्रदेवने रिकाम्या दाराकडे पाहिलं. "कुठे, तेवढं दाखवा."

तिने अंगठा उचलला आणि परत टेकवला.

त्याने एक फळी तोडली, चार तुकडे ठोकून चौकट केली आणि तिच्या पायाशी ठेवली. दगड हातानेच लोटून बाजूला केला. मग गड्यांना हाक न मारता स्वतः थापी घेतली.

संध्याकाळी जयदेव छत्री मिटत मागच्या पायरीवर आला. भिंत पाहिली, गटार पाहिलं, खूष झाला. मग थबकला.

"इंद्रदेव, हे काय? मधेच वीतभर माती?"

इंद्रदेव थापी धूत होता. "माप चुकलं."

"तुमचं?"

"माझंच. दुसरं कोण होतं कामावर?"

भिंतीपाशी गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मग उद्या भरून टाका."

"राहू दे ते," दारातून भगवती म्हणाली. "मी तिथे हळद लावीन."

"हळद? आई, एवढी बाग करून घेतली आणि..."

"लावीन म्हटलं ना."

तिने कडेवरचं बाळ सुनेकडे दिलं आणि वळून आत गेली. विद्यावतीने त्याला खांद्यावर घेतलं. ते तिच्या ओल्या पदरावर हिरड्या घासत राहिलं.