गाडी कोणती?

"गाडी कोणती आणि वजन किती? एवढं सांगा, लिफ्ट मी सांगतो," दुकानदार म्हणाला.

नवऱ्याला तेवढंच निमित्त पुरलं. मोटरसायकलचं वजन त्याला तोंडपाठ होतं; टाकी भरलेली असतानाचं वेगळं, रिकामी असतानाचं वेगळं. घरच्या गॅरेजात फरशीवर उकिडवं बसून गाडी खोलताना त्याची पाठ धरायची. म्हणून गाडीच वर उचलणारी लिफ्ट घ्यायची, हे ठरून बरेच महिने झाले होते. कोणती घ्यायची, ते काही ठरत नव्हतं. भाजी चिरता चिरता ऐकून ऐकून बायकोलाही आता हायड्रॉलिक म्हणजे काय ते कळायला लागलं होतं, आणि याचं तिला मनापासून वाईट वाटत होतं.

सासूबाई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. एका हातात काठी, मांडीवर हेल्मेट.

दुकान गल्लीच्या टोकालाच होतं, पण खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या तेवढंही चालायला कुरकुर करत. आज मात्र आपणहून म्हणाल्या, "मीही येते." हेल्मेट कशाला, असं सुनेने विचारलं तर म्हणाल्या, "ऊन लागतं."

हेल्मेट त्यांचंच होतं. पूर्वी दर रविवारी मुलाच्या मागे बसून त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला थोरल्या बहिणीकडे जायच्या. बंद गाडीत त्यांना मळमळायचं; मोटरसायकलवर मात्र राणीसारख्या बसायच्या. खुबा मोडला आणि सगळंच थांबलं. डॉक्टरांनी नंतर मागच्या सीटवर बसायला परवानगी दिली. सीटपर्यंत चढायचं कसं, ते काही सांगितलं नाही. एकदा स्टूल लावून पाहिलं, ते डुगडुगलं. मग मुलाने काखेत हात घालून उचललं, तर शेजाऱ्यांदेखत ओरडल्या, "मी काय सिमेंटचं पोतं आहे? ठेव खाली!" विषय तिथेच संपला. तिकडे मावशींचे गुडघे त्यांना उंबऱ्याबाहेर पडू देत नव्हते. रोज संध्याकाळी दोघी फोनवर बोलायच्या, म्हणजे ओरडायच्या, कारण दुसरीला कमी ऐकू येतं अशी दोघींचीही खात्री होती. फोन ठेवल्यावर सासूबाई बराच वेळ त्या फोनकडेच बघत बसायच्या. ते सुनेला बघवत नसे.

"मग ही छोटीच घेतो," नवरा शेवटी म्हणाला. "दोन दांडे, गाडीला मधोमध धरते. जागाही खात नाही."

"उत्तम," दुकानदार म्हणाला आणि बिलबुक ओढलं.

"आणि ती लांब फळीची?" खुर्चीवरून काठी उगारली गेली.

"ती टेबल लिफ्ट, आजी. अख्खी गाडी वर चढवायची, पुढचं चाक या पकडीत अडकवायचं आणि पायाने हे पेडल मारायचं. पण घरच्यासाठी जरा जास्तच होते."

"उतरताना धक्का बसतो?"

"छे! लोण्यासारखी उतरते."

"डुगडुगते?"

"हत्ती उभा करा!"

"हत्ती कशाला," असं म्हणून सासूबाई उठल्या. फळी जमिनीपासून पायरीएवढीच उंच होती. हेल्मेट त्यांनी सुनेच्या हातात कोंबलं, काठी टेकत फळीवर चढल्या आणि चाकाची पकड घट्ट धरून उभ्या राहिल्या. "हं. मारा पेडल."

"आजी, ही माणसांसाठी नाहीये!"

"मोटरसायकल माझ्या तिप्पट वजनाची आहे. आत्ताच सांगितलं ना यानं, टाकी भरून."

दुकानदाराने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने बायकोकडे. बायको मात्र लिफ्टशेजारी मेन स्टँडवर उभ्या असलेल्या नमुन्याच्या मोटरसायकलकडे बघत होती. तिने हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. पुढे झाली आणि सरळ पेडलवर पाय ठेवला.

सासूबाई वर निघाल्या. इंच इंच, ताठ मानेने, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. वाटेत एकदा "दमाने गं" म्हणाल्या, तेवढंच. शेजारच्या मोटरसायकलची मागची सीट त्यांच्या बैठकीला लागली, तसा त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला, पाठमोऱ्या वळल्या आणि टेकल्या. कुणी उचललं नाही, कुणी ढकललं नाही. एका बाजूला पाय जुळवून त्या बसल्या आणि हात पुढे केला.

"हेल्मेट."

सुनेने दिलं. पेडल मारून तिला चांगलाच दम लागला होता.

"आई, सगळं ठीक आहे," नवरा रडकुंडीला येऊन म्हणाला, "पण हिच्यावर तू चढणार, तर माझी गाडी कुठे चढवायची?"

"तुमची गाडी रविवारी खालीच राहील," बायको म्हणाली. "वर आई जातील. बाकीचे दिवस लिफ्ट तुमची."

नवऱ्याने आईकडे पाहिलं आणि पाकीट काढलं.

दुकानदाराने कपाळ पुसून लिहायला घेतलं. "टेबल लिफ्ट, एक..."

"दोन," सीटवरून आवाज आला.

"दोन?" नवरा किंचाळलाच.

"दुसरी माझ्या बहिणीकडे पोचवायची. तिचं बिल ती भरेल, कालच बोलणं झालंय आमचं. गॅरेजसुद्धा रिकामं करून ठेवलंय तिने."

एवढ्या गोंधळातही दुकानदाराची सवय काही सुटली नाही. पेन सरसावून त्याने विचारलं, "बरं. तिथे गाडी कोणती आहे?"

"गाडी कसली आलीय तिथे?" हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा टक्‌कन बसवत सासूबाई म्हणाल्या. "तिथे मला उतरायचंय!"