गुलाबी सोडून कुठलाही

"बाबा, तुझा पडदा आख्खाच्या आख्खा गुलाबी करू?"

पैज वर्गातल्या तिघींनी लावली होती. विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं तू उचलायची. तिने विचारलं, आणि तेही बाबा चहाचा घोट घेत असताना.

बाबाला जोरात ठसका लागला.

"गुलाबी? अहो रंगारी, गुलाबीवर मला एक अक्षर दिसायचं नाही. काम बंद पडेल माझं! गुलाबी सोडून कुठलाही माग."

"घाबरट."

"आहेच मुळी."

'रंगारी' हे तिचं घरातलं पद होतं. बाबा ग्रंथालयांसाठी प्रोग्राम लिहायचा आणि सगळं काम टर्मिनलमध्ये करायचा. तिथे बटणं नाहीत, चित्रं नाहीत, नुसता काळा पडदा आणि अक्षरांच्या ओळी. तीन वर्षांपूर्वी त्याची नजर कडेकडेने विझायला लागली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू जाईल; किती हळू, ते सांगता येत नाही. तेव्हा ती बारा वर्षांची होती. रडून झाल्यावर तिने, बाबा ज्या टूलमध्ये प्रोग्राम लिहायचा, त्याची थीमची, म्हणजे रंग ठरवणारी, फाइल उघडली. त्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाचा सहा अंक-अक्षरांचा एक क्रमांक असतो. तो बदलला की रंग बदलतो.

तेव्हापासून दर रविवारी दोघांची बैठक. ती क्रमांक बदलायची आणि बाबा मान तिरकी करून हुकूम सोडायचा.

"कंसांचा निळा अजून उजळ कर. आणि तो हिरवा फार मरतुकडा आहे गं, त्याला काहीतरी खायला घाल."

मग टूल बंद करून पुन्हा उघडायचं, त्याशिवाय नवे रंग लागत नसत. शेवटी बाबा खुर्चीत मागे रेलायचा. "आता कसं लख्ख दिसतंय!"

तेवढं एक वाक्य तिला आठवडाभर पुरायचं. बाबाला लख्ख दिसतंय ना, मग डॉक्टर गेले उडत.

घरात बाकी नियमही बरेच होते. खुर्च्या जागच्या हलवायच्या नाहीत. कप कीबोर्डच्या उजव्या हाताला, तिथेच. आलेली पत्रं आई जेवताना मोठ्याने वाचायची. आणि काम करताना बाबाच्या एका कानात इयरफोन. "बातम्या," तो म्हणायचा. एकदा तिने कान जवळ नेला, तर आतली बाई इतकी भरधाव बडबडत होती की एक शब्द कळेल तर शपथ.

"हिला बस पकडायचीय का?" तिने विचारलं होतं.

आई-बाबा त्यावर जरा जास्तच हसले होते.

पैजेच्या त्या रविवारी मात्र बाबा म्हणाला, "एवढे रंग नकोत आता. सगळी अक्षरं एकाच रंगात कर."

म्हणजे आता त्याला रंग वेगवेगळे दिसत नाहीत. पण चेहऱ्यावर काही न दाखवता ती म्हणाली, "फिकट पिवळा घेऊ? काळ्यावर तो सगळ्यात उठून दिसतो."

"तू म्हणशील तो."

ते काम राहिलं ते सोमवार सकाळपर्यंत. बाबाला दुपारी बाराच्या आत नवा प्रोग्राम पाठवायचा होता. ती एका पायात मोजा, दुसरा हातात, अशी उभ्याउभ्याच फाइलमध्ये शिरली. क्रमांक कॉपी केला, अक्षरांच्या सगळ्या ओळींत चिकटवला, सेव्ह केलं.

"बाबा, बंद करून उघड. मी पळते!"

"पळ, पण दुसरा मोजा घालून पळ!"

तिसऱ्या तासाला गणिताच्या बाईंनी फळ्यावर एक भलीमोठी संख्या लिहिली. शेवटी शून्यच शून्य. ती वहीत उतरवता उतरवता तिचं पेन थांबलं.

आपण सकाळी चिकटवलं, त्यातही शून्यंच होती. सहाच्या सहा.

पिवळ्याचा क्रमांक अक्षरांनी सुरू होतो. सहा शून्यं म्हणजे काळा. तिने चुकून पडद्याच्या रंगाचाच क्रमांक उचलला होता. काळ्यावर काळी अक्षरं!

बाबाने टूल बंद करून उघडलं असणार आणि समोर नुसता अंधार. थीम चुकली, असं त्याच्या मनातही येणार नाही. त्याला वाटेल, तो दिवस आला.

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि ती सुटली. दप्तर वर्गातच. "अगं, पैज तू जिंकलीस, पळतेस काय!" तिघी मागून ओरडत राहिल्या.

घरी आई नुकतीच तिच्या औषधांच्या दुकानातून जेवायला आली होती. "काय गं? काय झालं?" म्हणेपर्यंत ती आतल्या खोलीत पोचलीसुद्धा.

बाबा खिडकीशी बसून टाइप करत होता. कानात इयरफोन, उजव्या हाताला कप.

"बाबा... पाठवलंस?"

"अकरालाच! तू इतक्या लवकर कशी? शाळा पळून गेली की काय?"

"आणि रंग? रंग कसा वाटला?"

बाबा खुर्चीत मागे रेलला. "काय सांगू, रंगारी! आजवरचा सगळ्यात भारी. अक्षर न् अक्षर लख्ख दिसतंय."

तिने पडद्याकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा. त्या काळ्या काचेत तिचा धावून लाल झालेला चेहरा दिसत होता आणि मागे दारात तोंडावर हात धरून उभी राहिलेली आई. बाबाचं बोट एका कळीवर पडलं, तशी इयरफोनमधली बाई भरधाव बडबडली, आणि या वेळी तिला एक शब्द कळला: 'कंस'.

तिने बाहीला नाक पुसलं आणि मागून बाबाच्या गळ्यात हात टाकले.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "येत्या रविवारपासून पडदा गुलाबी."