सात नंबरची हजेरी

बाइंडर बसमधून उतरला तो घरी गेलाच नाही, थेट सावकाशरावाच्या दाराशी येऊन उभा राहिला. दोन्ही खांद्यांवर पिशव्या होत्या. उजवीकडची त्याची, आठ नंबरची. डावीकडची सावकाशरावाची, सात नंबरची. नंबर मास्तरांनी पांढऱ्या रंगाने रंगवले होते. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी नऊ माणसांची यात्रा त्यांना वर्गच वाटायची. डोंगरातल्या प्रत्येक थांब्यावर ते हजेरी घेत.

वहिनींनी दार उघडलं. आधी पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग त्याच्या मागे जिन्याकडे. जिन्यावर कुणी नव्हतं.

"या भाऊजी. बसा. चहा टाकते."

दारामागे सावकाशरावाच्या चपला होत्या, एका बाजूने झिजलेल्या. सावकाशराव हे नाव त्याला छापखान्यात पडलं होतं, जसं पुस्तकं बांधणाऱ्याला बाइंडर. आग लागली तरी हा गडी आधी चहा संपवेल, मग उठेल, असं सगळे म्हणायचे.

बाइंडरने दोन दिवस बसमध्ये एकच वाक्य घोकलं होतं : वहिनी, पुलावर तो नव्हताच.

दर्शन घेऊन उतरताना वरच्या वळणावर सावकाशराव बूट काढून बसला होता. बुटात खडा गेला होता. "तू हो पुढे, मास्तरांनी विचारलं तर माझी हजेरी लाव," म्हणाला आणि आपली पिशवीही बाइंडरच्या खांद्यावर अडकवली. तीस वर्षं छापखान्यात दोघांनी एकमेकांसाठी हेच केलं होतं. फोरमन रजिस्टरातून डोकं वर काढत नसे, आणि पुलापाशी धुकं इतकं होतं की मास्तरांना स्वतःचा हात दिसत नव्हता. बाइंडरने मित्राच्या आळसट आवाजात सात म्हटलं, आपल्या आवाजात आठ. नऊ भरले. मंडळी पूल ओलांडून खाली मुक्कामाला गेली. हंगामातली ती शेवटची तुकडी, मागून येणारं कुणी नव्हतं.

येईल मागून, नेहमीच येतो, ही पहिल्या रात्रीची समजूत. सकाळी मास्तर शोधपथकाला छातीठोकपणे म्हणाले, "पुलापर्यंत होता. मी स्वतः ऐकलंय." पथकाने नदीत दोर सोडले. चार दिवस नदीच शोधली. बाइंडर रोज सकाळी सांगायचं ठरवायचा आणि रोज त्याची दातखीळ बसायची. कालच बोललो नाही, आज कोणत्या तोंडाने बोलू? पाचव्या दिवशी बर्फ पडला आणि वरची वाट बंद झाली. त्या वाटेवर शोधायला कुणी पाऊलही टाकलं नव्हतं.

वहिनी चहा घेऊन आल्या. पिशवी मांडीवर घेऊन एकेक वस्तू काढू लागल्या. टॉवेल. प्रसादाची पुडी. लोकरी मोज्यांचे दोन जोड, दोरासुद्धा न तोडलेले.

"बघा. उघडलेसुद्धा नाहीत. जाताना शंभरदा बजावलं होतं."

"वहिनी, मला एक..."

"मास्तरांचा फोन आला होता," त्या मोज्यांची घडी नीट करत म्हणाल्या. "म्हणाले, पुलावर हजेरी देताना यांचा आवाज ऐकला. म्हणजे तिथेच पाय घसरला असणार. नदी काय, एका क्षणात संपवते. खरं सांगू भाऊजी? तेवढ्या एका गोष्टीवर मी तग धरून आहे. नाहीतर मनात काय काय येतं. कुठेतरी एकटेच बसलेत, हाका मारतायत आणि कुणी येत नाही. थंडी त्यांना मुळीच सोसायची नाही हो."

घोकलेलं वाक्य बाइंडरने चहाच्या घोटाबरोबर गिळलं. चहा फार गोड झाला होता. ही साखर सावकाशरावाच्या मापाची होती. त्याला ओरडावंसं वाटलं आणि तो आवाजही न करता पीत राहिला.

"कसे म्हणाले हो ते? दमले होते?"

"नाही. नेहमीसारखंच."

"म्हणून दाखवा ना."

"नको, वहिनी."

"त्यांची नक्कल करायचात की तुम्ही. इथेच बसून. हसून हसून पुरेवाट व्हायची माझी." त्यांचा आवाज फाटला. "तेवढंच उरलंय त्यांचं. म्हणा."

बाइंडरने कप खाली ठेवला. जांभई आवरत बोलल्यासारखा, नाकातून, लांबवत तो म्हणाला, "साऽत."

वहिनींनी डोळे मिटून घेतले. गालांवरून पाणी वाहू लागलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"हुबेहूब," त्या म्हणाल्या. "तेच बोलले असं वाटलं. अजून एकदा."

बाइंडरनेही डोळे मिटले. धुकं आलं, पुलाचा ओला कठडा आला, मास्तरांची हाक आली.

"साऽत," तो म्हणाला. आणि लगेच, एका दमात, स्वतःच्या आवाजात, "आठ."

वहिनींनी डोळे उघडले.