आईच्या फोनवरचा ठिपका

शहनाझ मिसनी टॅब्लेट सुमेधापुढे सरकवला आणि इंग्रजीत सांगितलं, आधी वाचा, मग बोलू.

सुमेधानं त्याला हातसुद्धा लावला नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, आखातातल्या अल नहदा भागाच्या ट्रॅफिकमधून ती आली होती ती भांडायला, वाचायला नव्हे. तिची केया अकरावीत होती. शाळेत ‘इंग्लिश अँड टेक्नॉलॉजी’ नावाचं एक खूळ होतं, आणि ते शिकवणाऱ्या या मिसनी केयावर ठपका ठेवला होता की निबंध तिनं एआयकडून लिहून घेतलाय.

एरवी सुमेधानं ते मनावर घेतलं नसतं. पण नवऱ्याची बदली इथून तीन-चार तासांवरच्या रुवैसला झाली होती. बिऱ्हाड हलायचं होतं आणि तिथल्या शाळेला केयाच्या वर्तणुकीचा स्वच्छ दाखला हवा होता. शहनाझ मिस वर्गशिक्षिकाही होत्या, म्हणजे सही त्यांचीच. वाईट शेरा पडला की रुवैसची अ‍ॅडमिशन खलास.

“काय लिहिलंयस तू नेमकं?” तिनं केयाला मराठीत विचारलं.

केया घरी आईला उत्तर द्यायची ते इंग्रजीतच. पण करामा बाजारातल्या दुकानात भाव पाडताना नाहीतर लिफ्टमध्ये शेजाऱ्यांची उणीदुणी काढताना मायलेकी मराठीत शिरायच्या. मिस तर सुमेधाच्या हिशेबी हैदराबादच्या. त्यांच्यापुढे कसला संकोच?

“तू वाचू नकोस,” केया म्हणाली. “फक्त सांग, मीच लिहिलंय.”

असं म्हटल्यावर कुठली आई गप्प बसेल? सुमेधानं टॅब्लेट ओढला.

निबंध होता स्कूलबसच्या अ‍ॅपवर. मुलगी बसमध्ये चढली की आईच्या फोनवर एक ठिपका हलतो. ठिपका थांबला की आईचा फोन येतो. आई ठिपक्याची काळजी करते, ठिपक्यावर चिडते. ठिपका घरी पोचला की तिचं काम संपतं. दारात उभ्या असलेल्या मुलीकडे ती मान वर करून बघतही नाही.

सुमेधाचे कान तापले.

“असलं लिहिलंस माझ्याबद्दल? शाळेपुढे माझी लाज काढलीस?”

“शाळेनं नाही वाचलं. मिसनी वाचलं.”

“एआयनं लिहिलंय म्हण की सरळ. मला चालेल.”

“नाही म्हणणार. मी बसमध्ये बसून लिहिलंय, तुझा कॉल कट करून.”

मिस फायलीत मान घालून बसल्या होत्या. सुमेधा त्यांच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “वन मिनिट, मिस. फॅमिली मॅटर.”

निबंधाखाली आणखी मजकूर होता. त्याला रिफ्लेक्शन म्हणायचे, आणि केयाचं डोकं फिरायचं ते त्यानंच. या वर्गात निबंध लिहून सुटका नसे. लिहिताना मनात काय आलं, कुठं अडलं, कुठलं टेक्निक कामी आलं, त्यातून आपण काय शिकलो, तेही लिहायचं. भाजी करून वाढली, आता चिरताना काय वाटलं ते सांगा. खरंच जे वाटलं ते मार्कांसाठी परक्या बाईला कशाला द्यायचं, असं केयाचं म्हणणं. तिला मिसचा मनापासून राग यायचा.

सुमेधा वाचत गेली. हा निबंध लिहिताना मला आईच्या रागामागची माया दिसली. ती दूर असली तरी तिचं लक्ष माझ्यावर असतं. मी तिची कायम ऋणी राहीन. पोरगी एवढी समजूतदार झाली आणि आपण मात्र ओरडतोय, असं सुमेधाला वाटलं.

“हे किती छान लिहिलंयस ग, सोन्या.”

केया छताकडे बघत होती. “ते एआयचं आहे.”

“काय?”

“रिफ्लेक्शन. मला नाही सुचत असलं गोडगोड. मिसना वाटतंय निबंध एआयचा. उलटं आहे.”

सुमेधानं टॅब्लेट खाली ठेवला. तिला फार लागलं. पोटच्या पोरीनं स्वतःच्या हातानं लिहिलं ते एवढं कडू, आणि मायेचं तेवढं उसनं आणलेलं.

“मी सांगून टाकते,” केया म्हणाली. “निबंध माझा आहे, तो मी सोडणार नाही. रिफ्लेक्शनचे मार्क कापू देत.”

“तोंड उघडून तर बघ. शेरा पडला की पडला. बाबा तिकडे आणि आपण इकडे, असं राहायचंय का? घरी चल, मग बघते तुझ्याकडे. आता या बयेकडे बघून जरा हस.”

केया हसली नाही.

सुमेधा तिच्या ऑफिसातल्या इंग्रजीत मिसकडे वळली. दोन्ही मजकूर केयाचेच, तिच्या डोळ्यांदेखत लिहिलेले, हे ती आई म्हणून सांगत होती. मुलांवर असा संशय घेणं तिला अजिबात आवडलेलं नव्हतं. वर तक्रार करता आली असती, पण ती करणार नव्हती.

मिसनी इंग्रजीत एवढंच विचारलं, दोन्ही? नक्की?

“हंड्रेड पर्सेंट,” सुमेधा म्हणाली.

मिसनी केयाकडे पाहिलं. केयानं आईकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे.

“येस, मिस.”

मिसनी दाखला पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. निबंध खरोखर उत्तम आहे, असंही त्या इंग्रजीत म्हणाल्या.

सुमेधानं पर्स उचलली आणि ती उभी राहिली.

“यल्ला, चल,” ती केयाला चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली. “सुटलो एकदाचे. एवढी शिकलेली, पण बया अगदीच भोळसट निघाली.”

शहनाझ मिसनी पेनाला टोपण परत लावलं.

“बसा, सुमेधाताई,” त्या म्हणाल्या. “आम्ही चिपळूणचे. सही अजून व्हायचीय.”