स्वस्तातला विंच

“हा विजेचा विंच घ्या,” दुकानदार म्हणाला. “बटण दाबलं की गाडी आपोआप ट्रेलरवर.”

त्याने बटण दाबून दाखवलं. मोटर अशी किंचाळली की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

“आवाज फार आहे,” सुतार म्हणाला. “आणि किंमतही.”

“गाडी चढवायचीय की तिला अंगाई म्हणायचीय?”

“हाताचा दाखवा.”

दुकानदाराने खालच्या फळीवरून हाताचा विंच काढला. एक हँडल, एक दातेरी चाक आणि गुंडाळलेला जाड पट्टा. हँडल फिरवलं की खटका दातात पडायचा.

“हा खटका आहे म्हणून गाडी मागे येत नाही. हजार किलो ओढतो. तुमची गाडी चाकांवर आहे, उतारावर तिचा पुरता भार येत नाही. पुरून उरेल. फक्त गाडीच्या मागे कुणी उभं राहायचं नाही.” मग त्याने सहज विचारलं, “गाडी तुमचीच ना?”

चोराच्या मनात चांदणं. सुताराचे कान तापले.

“वडिलांची. किल्ली ते उशाखाली घेऊन झोपतात.”

दुकानदाराने विजेच्या विंचच्या पाव किमतीत हाताचा विंच कागदात बांधून दिला.

तीन वेळा सुताराने सरळ शब्दांत सांगून पाहिलं होतं. बाबा, आता गाडी बंद करा. बाबांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. वर्षभरात गाडीने फाटकाचा खांब पाडला, शेजाऱ्याची स्कूटर पाडली आणि गेल्या आठवड्यात एका शाळकरी मुलीची सायकल चेपली. मुलगी थोडक्यात वाचली. दर वेळी बाबांचं एकच, “माझंच चुकलं.” आणि गाडी द्या म्हटलं की तेही एकच, “देणार नाही.” अशा माणसापुढे डोकं आपटायचं तरी किती?

त्यातच शाळेची बस आजपासून बंद झाली. काल जेवताना छोटीला कोण आणणार असा प्रश्न निघाला, तेव्हा आईच म्हणाली, “आम्ही दोघं आणू की.” बाबा खाली मान घालून जेवत राहिले. सुताराला मात्र रात्रभर ती चेपलेली सायकल दिसत होती. त्याची मुलगी सहा वर्षांची होती.

सकाळी त्याने आईला बाजूला घेऊन बेत सांगितला. बाबा दुपारी झोपले की गाडी ट्रेलरवर चढवायची आणि वर्कशॉपवर नेऊन ठेवायची.

“त्यांना चांगलं दिसतं रे,” आई म्हणाली.

“आई, तू त्यांना पाठीशी घालू नकोस.”

“मग छोटीचं काय?”

“तू आण. तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलंस, निम्म्या गावाला तू गाडी शिकवलीस. मलाही. तुझ्याइतका भरवसा मला माझा स्वतःचा नाही.”

त्याने बायकोच्या छोट्या गाडीची किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. आईने किल्लीकडे पाहिलं आणि मूठ मिटली.

दोन वाजता बाबांचं घोरणं सुरू झालं. सुताराने भाड्याचा ट्रेलर अंगणात लावला, फळ्या टेकवल्या, विंच ट्रेलरच्या पुढच्या खांबाला बोल्टांनी आवळला. बाबांच्या गाडीचं दार कधीच नीट लागत नसे. ते उघडून त्याने गिअर काढला, हँडब्रेक सोडला आणि पट्ट्याचा आकडा पुढे अडकवला.

“मी निघते,” आई म्हणाली. “मला हे बघवणार नाही.”

“अजून वेळ आहे, आई.”

“रस्त्याची सवय करून घेते.”

छोटी गाडी फाटकातून हळूहळू, अगदी मधोमध बाहेर पडली. जुन्या मास्तरणीची शिस्त, सुताराला वाटलं. तो हँडलकडे वळला.

खट्. खट्. प्रत्येक आवाजाला त्याची नजर बाबांच्या खिडकीकडे जाई. पुढची चाकं फळीवर आली. पट्टा तारेसारखा ताणला गेला. हँडल जड होत गेलं, शर्ट पाठीला चिकटला. मागची चाकं फळीला लागली आणि गाडी अडली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. त्याने सगळा भार हँडलवर टाकला. खटका दातावरून निसटला आणि गाडी हातभर मागे घसरली. हँडल मनगटावर आदळलं. त्याने ओठ चावून ओरडणं गिळलं.

घोरणं थांबलं होतं.

आता थांबून चालणार नव्हतं. दोन्ही हातांनी तो फिरवत सुटला आणि एका हिसक्यासरशी गाडी वर आली. त्याने पट्टे आवळले. मागे वळला तर बाबा पायरीवर उभे. डोळ्यांवर चष्मा, मुठीत गाडीची किल्ली.

“काय बोलायचं ते बोला,” सुतार म्हणाला. “पण गाडी नेणार. माझ्या मुलीचा जीव मला जास्त मोलाचा आहे.”

बाबा हळूहळू खाली आले. त्यांचे डोळे भरले होते.

“ने रे, ने. मला हे जमत नव्हतं.” त्यांनी किल्ली त्याच्या हातात दिली. “सगळ्या गावाला शिकवलंय तिने. तिला कोणत्या तोंडाने सांगू, की बाई, तुला समोरचं माणूस दिसत नाही? वर्षभर मी शेजारी बसून सांगतो, डावीकडे घे, आता थांब, पुढे खांब आहे. त्या दिवशी सायकल सांगायला मला उशीर झाला.” त्यांनी मान वळवून रिकाम्या फाटकाकडे पाहिलं. “आहे कुठे ती?”