गंडभेरुंडाचा जीव

"किती?" महालिंगप्पांनी विचारलं.

गायत्रीनं रुमालाचं टोक उचलून फासा पाहिला. "पाच, अप्पा."

"मंजी जीव वाढला?"

"वाढला. आता आठ झाला."

सासरे मिशीतल्या मिशीत हसले. सून वहीत आठचा आकडा गिरवत बसली, कारण त्यांच्याकडे बघायची तिला लाज वाटत होती. पडले होते दोन.

हा खेळ ती सोलापूरच्या हॉस्टेलवर शिकली होती. प्रत्येकानं एक प्राणी व्हायचं, गोष्ट रचत जायची आणि प्राण्याचं काय होणार ते फाशावर सोडायचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्यापासून अप्पा लोहाऱ्यातल्या घरात बाजेवर बसून असत. त्यांची दुपार सरावी म्हणून तिनं खेळ मांडला. अप्पांनी देवळाच्या भिंतीवरचा दोन तोंडांचा गंडभेरुंड निवडला आणि पंधरा दिवस मुलुखभर उडवला. मग त्याच्या पंखाला बाण लागला.

नियम असा होता: जीव दहाच्या खाली गेला की पंख उघडत नाहीत. जमिनीवर बसून राहायचं, दिवसाला एकच फासा टाकायचा. चार किंवा वर पडलं तर जीव एकानं वाढतो, कमी पडलं तर एकानं घटतो. नियम तिनंच केलेला, आणि आता तो तिच्याच अंगाशी आला होता.

डॉक्टरांनी या महिन्यात ऑपरेशन करा, नाहीतर नजर कायमची जाईल, असं बजावलं होतं. अप्पा ऐकेनात. सासूबाई, शांतम्मा, दवाखान्यात चालत गेल्या होत्या आणि परत आल्या नव्हत्या. फार मागे लागल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "माझं पाखरू उडालं की येतो. दलालाचा शबुद हाय."

तेव्हापासून गायत्री खोटं बोलत होती.

शब्दाचं म्हणाल तर अप्पा पक्के होते. तीस वर्षं बैलबाजारात दलाली केलेली. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडानं अवाक्षर नाही. ती सवय अजून सुटली नव्हती. फासा टाकला की त्यावर रुमालाचं टोक ओढायचे, खाली हात घालून क्षणभर बसायचे, मगच विचारायचे, किती.

"घरात कोण बघणार आहे, अप्पा?" गायत्री चिडवायची.

"सवय हाय गं."

फासा जुन्या सापशिडीतला होता. टिंबांचा रंग उडून नुसते खड्डे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी तीन पडले. तिनं सहा सांगितले. जीव नऊ झाला.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी फासा हातात बराच वेळ खुळखुळवला. "आज उडंल का गं?"

"उडेल, अप्पा."

"तू हाईस म्हणून खेळतो, पोरी. माझं समदं तुझ्या डोळ्यांवर चाललंय."

हे ऐकून तिला फार वाईट वाटलं. फासा बाजेवर घरंगळला. अप्पांनी रुमाल ओढला, हात घातला, थोडं थांबले. "किती?"

तिनं टोक उचललं. एक.

सहा म्हणायचं होतं. तोंडच उघडेना.

"एक पडलाय, अप्पा," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "जीव आठ झाला."

अप्पांनी चाचपडत तिचा हात धरला आणि रुमालाखाली ओढला.

"परवा दोन पडले, तू पाच म्हणलीस," ते म्हणाले. "काल तिनाचे सहा केलेस. मग आजच का गं अडलीस?"

रुमालाखाली त्यांनी तिची पाची बोटं एकदम दाबली आणि सोडली. मग एकच बोट दाबलं.

"सहा पडलेत. डॉक्टरला फोन लाव."